भीमेचा फुगवटा : आपल्या उंबऱ्यावरचा समुद्र

नाताळ सरला, नवे वर्ष उजाडले की आपल्या धर्मग्रामांतून एक प्रश्न हमखास निघतो, ‘‘फादर, यंदा सहल कुठे?’’ वसईच्या किंवा गोव्याच्या कुटुंबांना हा प्रश्न पडत नाही. समुद्र त्यांच्या अंगणाच्या टोकाशी असतो. बारामती-इंदापूरकडील माणसाला मात्र सह्याद्री ओलांडल्याशिवाय समुद्राचे दर्शन नाही. पहाटे निघून रात्री परतायचे म्हटले, तर मुलांचा बहुतेक दिवस गाडीतच जातो. म्हणून गेल्या काही वर्षांत या भागातील कुटुंबांनी आपला एक किनारा शोधून काढला आहे. बारामतीपासून तीसेक किलोमीटरवर, पुणे-सोलापूर रस्त्यालगत भिगवण आहे, आणि भिगवणच्या पुढे डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांच्या कडेने उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. सरकारी कागदांत त्याचे नाव यशवंतसागर. गावकरी त्याला साधेपणाने ‘फुगवटा’ म्हणतात. पैलतीर धूसर दिसावा इतके ते रुंद आहे. वारा सुटला की त्यावर लाटाही उठतात. लहान मुले त्याला सरळ समुद्रच म्हणतात, आणि त्यांना खोडून काढावे असे कोणाला वाटत नाही.

परंतु या समुद्राचे वय पन्नास वर्षांच्या आतबाहेर आहे. आज ज्यांची साठी उलटली आहे अशा स्त्री-पुरुषांनी तेथे समुद्राऐवजी नदी पाहिली आहे, नदीकाठची शेते पाहिली आहेत, घरे पाहिली आहेत. एका दिवसाच्या आनंदासाठी आपण ज्या काठावर सतरंजी पसरतो, तो काठ कसा तयार झाला, याचा इतिहास आपल्याच दोन तालुक्यांचा इतिहास आहे. तो थोडा विस्ताराने पाहावा, असा या लेखाचा हेतू.

प्रथम सहलीविषयी. एक दिवस कामधंदा सोडून, केवळ हवा खाण्यासाठी पाण्याच्या काठी जाऊन यावे, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. त्यांच्या देशातही ती फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राचे पाणी हे औषध आहे असा प्रबंध लिहिला, आणि ब्रायटन या कोळ्यांच्या गावाकडे श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. हे पाणी अंगावर तर घ्यायचेच, शिवाय प्यायचेही, असा त्यांचा उपचार असे! पुढे रोगी मागे पडले आणि धडधाकट माणसेच अधिक येऊ लागली. तरीही गरिबाला समुद्र दूरच होता. तो त्याच्या आटोक्यात आणला आगगाडीने. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या दारूबंदीच्या प्रचारकाने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसांची एक खास गाडी नेली. जाण्यायेण्याचे भाडे माणशी एक शिलिंग. लोकांना गुत्त्यापासून दूर ठेवावे, हा त्यामागील हेतू होता. (आधुनिक सहलीचा जन्म अशा सोज्ज्वळ कारणाने झाला, हे आपल्या काही सहलवीरांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.) त्याच वर्षी लंडनहून ब्रायटनला रेल्वे पोहोचली. १८७१ मध्ये पार्लमेंटने बँकांच्या सुट्यांचा कायदा केला आणि कारकुनांना व कामगारांना वर्षातून काही दिवस हक्काचे मिळाले. गाडी आणि सुटी या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लहान लहान गावे एका दिवसाच्या पाहुण्यांनी भरून जाऊ लागली.

अशांपैकी एक गाव म्हणजे सफोक परगण्यातील ऑल्डबरा. तेथे रेल्वे आली १८६० मध्ये. गोट्यांचा किनारा, मासे विकणाऱ्यांच्या टपऱ्या, एक लांबलचक रस्ता आणि पाण्याच्या अगदी जवळ उभी असलेली सोळाव्या शतकातील सभागृहाची लाकडी-विटांची इमारत. ही इमारत बांधली तेव्हा ती गावाच्या मध्यभागी होती. तिच्यापुढच्या गल्ल्या समुद्राने खाल्ल्या, म्हणून ती आज काठाला लागली आहे. येणारा पाहुणा तिचे कौतुक करतो. काठावर ती कशी आली, हे त्याला कोणी सांगितले तर कळते. ही गोष्ट मनात ठेवून आपण भीमेकडे परतू.

आपल्याकडे हवा खायला जाण्याची चाल नव्हती, पण घराबाहेर पडण्याची होती. तिची नावे वेगळी : यात्रा, जत्रा, बाजार, वारी. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा यांचा संगम आहे. तेथील नरसिंहपूरला दूरदूरची कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनासाठी येतात. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी मजल दरमजल करीत अकलूजकडे जाते, आणि बेलवाडीचे रिंगण पाहायला आपल्या ख्रिस्ती घरांतील मुलेही शेजाऱ्यांबरोबर जातात. इंदापुरातील चांदशावली दर्ग्याला सर्व जातिधर्मांचे लोक माथा टेकतात. या सगळ्या जाण्यायेण्याला नदीचा काठ लागे. स्नान, दशक्रिया, गुराढोरांचे पाणी, धुणे, कलिंगडाच्या वाड्या, एवढ्या कामांसाठी माणूस नदीवर जाई. नदी नुसती पाहण्यासाठी तेथे जाण्याचे त्याला कारण नव्हते.

आणि गंमत अशी की आगगाडी मात्र आपल्याकडे ऑल्डबराच्याही आधी आली. मुंबई-ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची. त्यानंतर पाचच वर्षांनी, १५ डिसेंबर १८५८ रोजी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने पुण्याहून डिकसळपर्यंतचा मार्ग खुला केला. तेव्हा बोरघाटातील काम अजून अपुरे होते. तो चढ रेल्वेने जोडला गेला १८६३ मध्ये. म्हणजे मुंबईहून निघालेला प्रवासी घाटाच्या पायथ्याशी उतरून पालखीने अथवा पायी खंडाळा गाठी, आणि तेथून पुन्हा गाडीत बसून थेट भीमेच्या काठी डिकसळला येई. काही महिने हे लहानसे गाव दख्खनमधील लोहमार्गाचे शेवटचे टोक होते! १८५९ च्या ऑक्टोबरात मार्ग बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, पुढे सरकला आणि डिकसळचे महत्त्व ओसरले. इंग्लंडमध्ये रेल्वेने समुद्रकाठची गावे घडवली. येथे तिने कापूस नेला, धान्य नेले, आणि दुष्काळात माणसे नेली. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंदमापी गाडी सुरू झाली, तिचेही प्रयोजन मालाचेच होते; गुळाच्या ढेपा आणि बाजारकरी ही तिची खरी ओळख.

असे का झाले, हे या भूमीच्या कोरडेपणात आहे. इंदापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा, आणि तोही लहरी. इंग्रजी राज्याच्या आरंभी प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात नवा सारा बसवला. कागदावर तो फार शास्त्रशुद्ध होता. प्रत्यक्षात इंदापूरची रयत तो भरू शकली नाही आणि गावे सोडून निघून गेली. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी येथेच नव्याने मोजणी करून दर खाली आणले. मुंबई इलाख्याची जी प्रसिद्ध रयतवारी मोजणी, तिचा पहिला प्रयोग इंदापुरात झाला. शेजारच्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे पेटवली, आणि पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. ज्या मुलुखात माणसे सरकारदफ्तरी प्रथम ठळकपणे उमटतात ती सारा न देता पळून गेलेली कुळे म्हणून, त्या मुलुखाला पाणी म्हणजे काय वाटत असेल, हे सांगायला नको.

पाणी आले, पण ते प्रथम दक्षिण बाजूला. भोरजवळ भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा ही कामे दुष्काळानंतर हाती घेण्यात आली. १८८५ च्या सुमारास कालव्यातून पाणी वाहू लागले, आणि १९२० च्या दशकात भाटघरला मोठे लॉइड धरण बांधले गेल्यावर त्याला बळ आले. नीरेकाठची बारामती हिरवी झाली. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना आणि वालचंदनगर उभे केले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. बारामतीच्या जिराईत पट्ट्यात मात्र साठच्या दशकाच्या अखेरीसही टँकरची वाट पाहावी लागे. त्या अवर्षणाच्या वर्षांत प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चच्या ‘कासा’ या संस्थेकडून आलेल्या धान्याच्या बदल्यात लोकांनी श्रम केले आणि पाझर तलाव खोदले. आपल्या बंधुमंडळींनी केलेले हे काम आपल्या पानांतून क्वचितच नोंदले जाते, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

तालुक्याची उत्तर बाजू, भीमेची बाजू, कालव्यापासून दूर राहिली. तेथे जे काही होते ते नदीच्या काठचे. पावसाळ्यात भीमा गाळ आणून टाकी. त्या मळईच्या काळ्याभोर जमिनीत ज्वारी, हरभरा, गहू ओलीवर येत. गावे जुनी होती. पळसदेव हे त्यांतील एक. मराठीतील प्राचीन कोरीव लेखांची जी मोजकी यादी अभ्यासक देतात, तिच्यात पळसदेवच्या बाराव्या शतकातील लेखाचा समावेश आहे. ज्ञानेश्वरांच्या जन्मापूर्वी या काठावर मराठी भाषा दगडात कोरली जात होती! पळसनाथाचे देऊळ, त्याचे दगडी खांब, कोरीव छत आणि त्यावरचे शिखर हे त्या गावाचे वैभव.

१९६९ मध्ये खाली माढा तालुक्यातील उजनीजवळ धरणाचे काम सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. दोन किलोमीटरहून अधिक लांबीची भिंत, एकेचाळीस दरवाजे, आणि सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविण्याची क्षमता. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे धरण का बांधले, याविषयी न्यायाने बोलले पाहिजे. खाली सोलापूर जिल्हा होता, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा होते, आणि ते इंदापूरइतकेच तहानलेले होते. धरणाचे काम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ पडला. सुकडी आणि मिलो ज्यांनी खाल्ला आहे, त्यांच्यापुढे धरणाविरुद्ध व्याख्यान देण्याचे धाडस मी करणार नाही. खालच्या मुलुखाचे त्याने कल्याण केले, ही गोष्ट निर्विवाद आहे. प्रश्न वरच्या मुलुखाचा आहे.

भिंतीमागे पाणी चढत गेले ते पुण्याच्या दौंड व इंदापूर, सोलापूरच्या करमाळा व माढा आणि त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या कर्जत या तालुक्यांत. उजनीची एक विशेष गोष्ट अशी, की तिच्या एकूण पाण्यापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. म्हणजे ते पाणी कालव्याच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीला असते. या मृतसाठ्याखालीच भीमेची जुनी मळई आहे. तालुक्याच्या त्या अंगाची जी सर्वांत चांगली जमीन, ती सर्वांत खोल गेली. गावे उठून वरच्या माळावर आली. घरांची तुळई, दारे, चौकटी लोकांनी काढून आणल्या. देवांच्या मूर्ती नव्या गावात नेऊन बसवल्या. देवळाचे दगड आणि पूर्वजांची माती मात्र उचलून आणता येत नाही. रेल्वेचा जुना मार्गही पाण्याच्या टप्प्यात आला, म्हणून नवा मार्ग बांधला गेला, आणि डिकसळजवळचा इंग्रजांच्या वेळचा रेल्वेपूल रस्त्याच्या वाहतुकीकडे वळला. १८५८ चे ते लोहमार्गाचे टोक आता फुगवट्याच्या कडेचे एक ठिकाण आहे.

या माणसांना कोणत्या कायद्याचा आधार होता? जमीन संपादनाचा कायदा १८९४ चा. त्यात सरकारने पैसे द्यावेत अशी तरतूद होती. उठवलेल्या माणसाला पुन्हा वसवावे असे बंधन त्यात नव्हते. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ मध्ये, म्हणजे भिंत बरीच वर आल्यावर. आपल्या जिल्ह्याला हा प्रसंग नवा नव्हता. १९२१ मध्ये मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. सत्याग्रह मोडला, खोरे बुडाले. आज मुळशीचा काठ हा पुण्याच्या सुखवस्तू लोकांच्या सुटीचा काठ आहे. तेथे उंची विश्रामगृहे आहेत. पुणे जिल्ह्यात हवा खाण्याची पाण्याकाठची बहुतेक ठिकाणे धरणांनी दिली आहेत, आणि धरणे कोणाच्या तरी शेतावर उभी आहेत. या ओळीत उजनी सर्वांत मोठी, इतकेच.

ऑल्डबराच्या उत्तरेला थोड्या अंतरावर डनिच नावाचे खेडे आहे. मध्ययुगात ते इंग्लंडमधील एक भरभराटीचे बंदर होते. १२८६ पासून पुढे आलेल्या वादळांनी त्याचा काठ कोसळत गेला, बंदराचे तोंड वाळूने बुजले, आणि पुढील शतकांत एकामागून एक चर्चे समुद्रात गेली. शेवटचे ऑल सेंट्स चर्च १९०४ ते १९१९ या काळात तुकड्यातुकड्यांनी कड्यावरून खाली पडले. फ्रान्सिस्कन बंधूंच्या मठाचे अवशेष कड्यावर अजून उभे आहेत. वादळी रात्री पाण्याखालून घंटांचा नाद ऐकू येतो, अशी तेथे दंतकथा आहे. आणखी एक गोष्ट दंतकथेपेक्षाही नवलाची आहे : गाव बहुतांशी बुडाल्यावरही डनिच १८३२ पर्यंत पार्लमेंटमध्ये दोन सभासद पाठवीत होते! बुडालेल्या गावाला दोन प्रतिनिधी. आपल्या फुगवट्याखालील गावांच्या वाट्याला असे भाग्य आले असते, तर त्यांची कागदपत्रे वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून फिरली नसती.

डनिचचा दृष्टान्त मात्र एका मर्यादेपलीकडे चालत नाही. तेथे समुद्राने गाव घेतले. समुद्राला जाब विचारता येत नाही आणि त्याच्याकडून भरपाईही मागता येत नाही. येथे गाव घेण्याचा निर्णय माणसांनी केला, दुसऱ्या माणसांच्या भल्यासाठी केला, नकाशावर रेघ मारून केला. निसर्गाचा कोप सोसणे वेगळे आणि दुसऱ्याच्या तहानेसाठी आपले घर सोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात त्याग असतो. तथापि, तो ज्याला विचारून घेतला जातो त्यालाच त्याग म्हणतात, हेही खरे.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात उठवले गेले. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डी वर येते. सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, घरांची जोती दिसू लागतात. मग निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले गावकरी परत येतात. हिंदू आपल्या देवाचा उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाचे फेस्त साजरे करतात, आणि चिखल वाळलेल्या वाटांनी एकमेकांच्या जोत्यांवर जाऊन बसतात. पाहायला आलेले परगावचे लोकही असतात. एकाच दिवशी एकाच जागी कोणी सहलीला आलेला असतो आणि कोणी घरी आलेला असतो.

पळसदेवलाही असेच होते. उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सुटत राहते, साठा शून्य टक्क्यांवर येतो आणि मग उणे आकडे सुरू होतात. मृतसाठ्यातूनही पाणी उपसले जात असल्याने ‘उणे टक्के’ हा शब्दप्रयोग या भागात लहान मुलांनाही कळतो. पाणी उतरले की आधी शिखर स्पष्ट होते, मग गाभाऱ्याच्या भिंती, मग पायऱ्या आणि सभोवतीचे दगड. उघड्या पडलेल्या कडेच्या जमिनीवर गाळपेर होते. आणि हाच उथळ पाण्याचा व ओल्या गाळाचा काळ रोहित पक्ष्यांना मानवतो.

आता या पक्ष्यांविषयी, कारण आपली मुले त्यांच्यासाठीच तेथे जातात. रोहित, ज्याला काहीजण अग्निपंख म्हणतात, तो हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येथे असतो. वाकडी चोच उलटी करून तो गाळातील बारीक जीव गाळून खातो, म्हणून त्याला गुडघाभर पाणी हवे, खोल पाण्याचा त्याला उपयोग नाही. त्याची वीण कच्छच्या रणात होते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, चक्रवाक, चमचे, शेकाटे, राखी बगळे हेही दिसतात. जवळच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत आहे. नदी वाहती होती तेव्हा हे सर्व इतक्या संख्येने येथे येण्याचे कारण नव्हते. धरणाने माणसांना उठवले आणि पक्ष्यांना बोलावले. या वाक्यात कडवटपणा वाटला तर तो काढून टाकावा, कारण त्याच पक्ष्यांनी धरणग्रस्तांच्या काही मुलांना आता भाकरी दिली आहे. कुंभारगाव, डिकसळकडील तरुण पहाटे होडी काढतात, पाहुण्यांना पक्ष्यांची नावे मराठीत आणि इंग्रजीत सांगतात, इंजिन कुठे बंद करायचे आणि बांबूने कुठे ढकलायचे हे त्यांना नेमके ठाऊक असते. घरातील बाया दुपारी मरळीचे किंवा चिलापीचे कालवण आणि बाजरीची भाकरी वाढतात. भोई समाजाचा मासेमारीचा जुना धंदा फुगवट्यावर वाढला आणि भिगवणचा मासळीबाजार नावारूपाला आला. चिलापी हा परका मासा आहे. त्याने येथील मूळ माशांची जागा बळकावली, अशी जाणकारांची तक्रार आहे. चवीच्या बाबतीत आपल्या लोकांची काही तक्रार दिसत नाही.

तक्रार करायची तर पाण्याची करावी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि थेट या फुगवट्यात येऊन थांबते. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, कधी त्याला वास येतो. आपण शहरातून ज्या हवापालटासाठी निघतो, तेथे आपल्याच शहराच्या मोऱ्या आपल्या आधी पोहोचलेल्या असतात. त्याच पाण्यावर कोणाचा हक्क किती, यावरून इंदापूर आणि सोलापूर यांच्यात वाद पेटतात. २०२२ मध्ये लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मंजुरी मिळाली तेव्हा खालच्या जिल्ह्यात आंदोलने झाली. वरच्यांनी जमीन दिली, खालच्यांच्या नावे पाणी लिहिले गेले. आता वरचे काठावर उभे राहून आपलाही वाटा मागतात. दोघांनाही चूक म्हणता येत नाही, आणि दुष्काळाच्या वर्षी दोघांनाही पुरेल इतके पाणी नसते.

आणखी एक गोष्ट सहलीच्या होडीत बसताना आपल्या मनात येत नाही. भीमा होती तेव्हा उन्हाळ्यात ती पायी ओलांडता येई. दोन्ही तीरांवरील गावांचे सोयरसंबंध होते, बाजार एक होते. फुगवट्याने हे शेजारी दूर केले. रस्त्याने वळसा घ्यायचा तर कित्येक किलोमीटर पडतात, म्हणून करमाळ्याकडील माणसे इंदापूरला येण्यासाठी होडीनेच पाणी ओलांडतात. या होड्यांत मोटारसायकली चढवल्या जातात. आजारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया त्यांतूनच येतात-जातात. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहून काठाला लागला, सहा बुडाले. त्यांत लहान मुले होती. त्यांचे देह मिळायला दोन दिवस लागले. या काठावर दोन प्रकारच्या होड्या आहेत, हे त्या दिवशी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना कळले. पुढे शिरसोडी आणि कुगाव यांना जोडणाऱ्या पुलाला शासनाने मंजुरी दिली. धरण पूर्ण होऊन तोवर चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

त्याच उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता आणि पळसनाथाचे देऊळ पायथ्यापर्यंत उघडे पडले होते. मोटारी भरभरून माणसे आली, भेगाळलेल्या गाळावरून चालत गेली, त्यांनी छायाचित्रे काढली. नव्या पळसदेवातील म्हातारी माणसेही आली. ती देवळाकडे गेली, आणि नंतर देवळापासून थोडी दूर, जेथे पाहण्यासारखे काही नव्हते अशा ठिकाणी, खाली दगड निरखीत हिंडत राहिली. कोणाची चावडी, कोणाचा गोठा, कोणाची विहीर, हे ती एकमेकांना बोटाने दाखवीत होती. ऑगस्टच्या आरंभी वर पाऊस झाला, धरण भरले, आणि चिखलातील सर्व पाऊलखुणांसह ते गाव पुन्हा पाण्याखाली गेले.